रांगेत उभे राहणारे यंत्र

मंडळी, तहसील कचेरीच्या खिडकीशी आपण सगळेच कधी ना कधी उभे राहिलेलो आहोत. सातबाऱ्याचा उतारा हवा असला म्हणजे काय करावे लागते? गावाचे नाव सांगायचे, गट नंबर सांगायचा, ठरलेल्या नमुन्यात अर्ज द्यायचा. आत शिरून दप्तरे चाळायची मुभा कोणालाही नसते. ठरल्या रीतीने मागावे आणि ठरल्या नमुन्यात घ्यावे, असा त्या खिडकीचा करार असतो. संगणकाच्या जगात अशाच एका खिडकीला एपीआय म्हणतात. तिच्याशी मात्र माणूस उभा राहत नाही, माणसाने पाठवलेले यंत्र उभे राहते.

हे यंत्र तिथे जाऊन काय मागते, ते कोणाच्या सांगण्यावरून मागते, आणि आणलेले उत्तर कुठे ठेवते, याचा इतिहास मोठा मौजेचा आहे. तो फारसा जुनाही नाही. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांच्या हयातीत सगळा घडलेला आहे. आणि त्याचा शेवटचा अध्याय तर तुमच्या माझ्या गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारात लिहिला गेला. म्हणून तो गुरुजींनी वर्गात सांगण्याजोगा आहे आणि पारावर बोलण्याजोगाही आहे.

प्रथम निरोप्याची गोष्ट पाहू. साठीच्या दशकाच्या आरंभी संगणक म्हणजे खोलीभर पसरलेले, अतोनात महागडे यंत्र. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात एकाच यंत्रावर पुष्कळ माणसांनी एकाच वेळी काम करावे, अशी व्यवस्था नुकतीच सुरू झाली होती. लुई पूझां नावाचे एक फ्रेंच गृहस्थ तिथे कामाला होते. त्यांच्या लक्षात आले, की आपण रोज त्याच त्या आज्ञा त्याच त्या क्रमाने यंत्राला देत बसतो. मग त्या एकदाच कागदावर उतरवून यंत्राच्या हवाली का करू नयेत? १९६३-६४ च्या सुमारास त्यांनी तशी सोय केली. आज्ञांची यादी लिहून ठेवायची आणि यंत्राला म्हणायचे, ‘ही घे यादी, वरून खाली वाचत जा आणि करत जा.’ पुढे आज्ञा ऐकून त्या यंत्राकडून करवून घेणाऱ्या कार्यक्रमाला त्यांनी ‘शेल’ असे नाव सुचवले. शेल म्हणजे शिंपल्याचे कवच. आत यंत्राचा गाभा, बाहेर माणूस, आणि मधे हे कवच. शेलला दिलेली आज्ञांची यादी ती शेल स्क्रिप्ट.

घरातली कर्ती बाई परगावी जाताना सुनेला चिठ्ठी लिहून ठेवते ना? ‘पहाटे दूध काढ. वासराला वैरण टाक. दूध डेअरीला दे. माप वहीत लिही. माप कमी भरले तर दादांना सांग.’ शेल स्क्रिप्ट याहून फारशी वेगळी नसते. तिच्यात क्रम असतो, ‘अमुक झाले तर तमुक कर’ असे असते, आणि ‘इतक्या वेळा कर’ असेही असते. चिठ्ठी वाचणारी सून शहाणी असते, चिठ्ठीत राहून गेलेले ती मनाने भरून काढते. यंत्र मात्र अक्षरशः वाचते. एक शब्द चुकला तर तिथेच अडते, किंवा चुकीचे काम मोठ्या निष्ठेने करीत राहते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

यानंतरची पायरी अमेरिकेतल्याच बेल प्रयोगशाळेत घातली गेली. तिथे केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स नावाची संगणक-व्यवस्था उभी केली. त्यांचे सहकारी डग मॅकइलरॉय यांनी १९६४ सालीच एका टिपणात लिहून ठेवले होते, की कार्यक्रम एकमेकांना असे जोडता आले पाहिजेत, जशी बागेतली पाण्याची नळी दुसऱ्या नळीला जोडतो. ही कल्पना १९७३ साली थॉम्प्सन यांनी युनिक्समध्ये प्रत्यक्षात आणली.

आपल्या खळ्यावरचे उदाहरण घेतले तर हे चटकन कळते. ज्वारीची मळणी होते, मग उफणणी होते, मग चाळण, मग सुपाने पाखडणे. एकाचे काम संपले की धान्य दुसऱ्याच्या हाती जाते. मळणाऱ्याला पाखडता येण्याची गरज नाही, आणि चाळणाऱ्याने मळणी शिकायला नको. प्रत्येकाने आपले एकच काम नीट करावे. युनिक्सच्या मंडळींनी यंत्रात हेच खळे मांडले. एक लहान कार्यक्रम मजकूर आणतो, दुसरा त्यातल्या हव्या त्या ओळी निवडतो, तिसरा त्या क्रमाने लावतो, चौथा मोजतो. १९७९ साली स्टीफन बोर्न यांचा शेल युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडला आणि १९८९ साली ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला बॅश हा शेल सर्वांना मोफत मिळू लागला. ठरल्या वेळी ठरलेली यादी आपोआप चालू करणारा क्रॉन नावाचा घड्याळवालाही युनिक्समध्ये होताच. म्हणजे निरोप्या तयार, चाळण तयार, घड्याळ तयार. फक्त जायचे कुठे, तो रस्ता व्हायचा होता.

तो रस्ता टिम बर्नर्स-ली यांनी दिला. स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संस्थेत काम करीत असताना त्यांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली आणि १९९१ मध्ये ती जगापुढे खुली झाली. पण वेबची पाने माणसाच्या डोळ्यांसाठी होती. चित्रे, रंग, मोठी अक्षरे, बारीक अक्षरे. माणसाने पाहावे, वाचावे आणि पुढे जावे.

इथे एका स्वीडिश तरुणाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. डॅनियल स्टेनबर्ग हे त्याचे नाव. १९९६ साली तो आपल्या मित्रमंडळींच्या गप्पांच्या जाळ्यावर एक यांत्रिक सेवक चालवीत असे. त्याच्या मनात आले, की कोणी ‘शंभर डॉलरचे किती क्रोनर होतील?’ असे विचारले तर या सेवकाने तिथल्या तिथे उत्तर द्यावे. पण चलनाचे भाव रोज बदलतात. ते वेबच्या एका पानावर छापलेले असत. रोज ते पान उघडून आकडे उतरवून घेणार कोण? ब्राझीलच्या रफाएल सागुला यांनी लिहिलेला, जेमतेम तीनशे ओळींच्या आतला एक छोटा कार्यक्रम त्याला मिळाला. पान आणून हातात देणे, एवढेच त्याचे काम. स्टेनबर्गने त्यात सुधारणा करायला घेतल्या, आणि २० मार्च १९९८ रोजी तो ‘कर्ल’ या नव्या नावाने प्रसिद्ध केला. आज जगभरच्या संगणकांत, फोनमध्ये, मोटारींत आणि दूरदर्शन संचांत कर्ल काम करीत असतो. चलनाचा भाव उतरवून घेण्याच्या कंटाळ्यातून ही एवढी मोठी वस्तू जन्माला आली. आमचे म्हातारे म्हणत, गरज माणसाला शहाणे करते. तसेच हे.

आता अडचण पाहा. माणसासाठी सजवलेल्या पानातून यंत्राने आकडा शोधायचा म्हणजे लग्नाच्या मांडवात शिरून एका पाहुण्याला हुडकण्यासारखे आहे. आज तो खांबाशी बसला होता, उद्या पंगतीत बसला. पानाची मांडणी जरा बदलली, की यंत्र दिशाहीन व्हायचे. म्हणून यंत्रांसाठी वेगळी खिडकी काढावी, असा विचार पुढे आला. २००० साली सेल्सफोर्स आणि ईबे या अमेरिकन कंपन्यांनी अशा खिडक्या उघडल्या. त्याच वर्षी रॉय फील्डिंग यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात अशा देवघेवीची नीट शिस्त मांडली. उत्तर कोणत्या नमुन्यात द्यावे याचीही सोय झाली. डग्लस क्रॉकफर्ड यांनी मांडलेला जेसन नावाचा साधा नमुना हळूहळू सर्वमान्य झाला. ‘केंद्राचे नाव : अमुक, पिनकोड : तमुक, शिल्लक : इतके’ अशी ती सरळ मांडणी असते. २०१२ मध्ये स्टीफन डोलन यांनी जेक्यू नावाची चाळण केली, ती जेसनमधला हवा तेवढाच दाणा काढून देते.

तेव्हा आता चिठ्ठी कशी होते पाहा. पहिली ओळ कर्लला सांगते, ‘या खिडकीवर जा आणि अमुक जिल्ह्याची अमुक तारखेची माहिती माग.’ दुसरी ओळ पाहते, की खिडकीने कोणता क्रमांक दिला. २०० आला म्हणजे काम झाले. ४०४ आला म्हणजे ती वस्तूच तिथे नाही. ४२९ आला म्हणजे खिडकीवाला म्हणतो आहे, ‘बाबा, फार वेळा विचारतोस, जरा दम धर.’ तिसरी ओळ उत्तर चाळते. चौथी ओळ ते तारीख-वेळ घालून वहीत नोंदवते. आणि क्रॉन ही चिठ्ठी ठरल्या वेळी पुन्हा पुन्हा चालू करतो. दहा-वीस ओळींचे काम. हुशार मुलगा ते आठवड्यात शिकेल.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, की हे सारे ठीक आहे, पण आमच्या गावाशी याचा काय संबंध? तो आता सांगतो.

१६ जानेवारी २०२१ रोजी आपल्या देशात कोविडची लस टोचायला आरंभ झाला. आधी आरोग्यसेवक, मग १ मार्चपासून साठीवरचे, १ एप्रिलपासून पंचेचाळीस वर्षांवरचे सगळे. १८ ते ४४ वयाच्या माणसांची पाळी १ मेपासून यायची होती. त्यांनी कोविन नावाच्या सरकारी संकेतस्थळावर आधी नाव नोंदवावे आणि वेळ ठरवूनच केंद्रावर यावे, असा दंडक होता. २८ एप्रिलला नोंदणी खुली झाली आणि पहिल्याच दिवशी एक कोटीहून अधिक लोकांनी नावे घातली. लसी मात्र थोड्या. दुसरी लाट ऐन भरात, इस्पितळांत खाटा नाहीत, प्राणवायूसाठी माणसे वणवण फिरत आहेत, असे ते दिवस. ते तुम्ही विसरला नसाल.

आता, कोविनने एक खिडकी यंत्रांसाठी उघडी ठेवली होती. जिल्हा किंवा पिनकोड आणि तारीख दिली, की कोणत्या केंद्रावर कोणत्या वयासाठी किती जागा शिल्लक आहेत, हे ती सांगे. हेतू चांगला होता. इतरांनीही आपापल्या संकेतस्थळांवरून लोकांना ही माहिती द्यावी, असा तो हेतू. शहरातल्या संगणक जाणणाऱ्या तरुणांनी काय केले? त्यांनी चिठ्ठी लिहिली. ‘दर काही क्षणांनी खिडकीवर जा. वय अठरा आणि शिल्लक शून्याहून जास्त, अशी ओळ दिसली की घंटा वाजव.’ कोणी ती स्वतःपुरती वापरली, कोणी हजारो लोकांना फुकट इशारे पाठवले. त्यांत परोपकारबुद्धीही पुष्कळ होती, हे मान्य केले पाहिजे. काहींच्या चिठ्ठ्या त्याही पुढे गेल्या आणि जागा आपोआप पटकवण्याची खटपट करू लागल्या.

परिणाम असा झाला, की जागा खुली झाली आणि मिटली, यात काही क्षणांचेच अंतर राहिले. ज्याच्याकडे चिठ्ठी लिहिणारा होता त्याला घंटा ऐकू आली. ज्याच्याकडे साधा फोन, किंवा फोन असून गावात जाळे नाही, त्याला काहीच ऐकू आले नाही. शहरात जागा मिळेना, म्हणून माणसे मोटारी काढून खेड्यातल्या केंद्रांवर जाऊन लस घेऊन आली, आणि त्याच गावची माणसे केंद्राच्या दारात बघत उभी राहिली. ‘आमच्या गावची लस, आणि आम्हालाच नाही?’ हा प्रश्न तेव्हा आपल्या महाराष्ट्रात अनेक ठिकाणी विचारला गेला. एक गोष्ट इथे न्यायाने बोलली पाहिजे. मोटारीने आलेल्या माणसालाही जिवाची भीती होतीच, आणि त्याने नियम मोडला नव्हता. रांगच अशी घातली होती, की तीत यंत्र उभे राहू शकत होते आणि शेतमजूर उभा राहू शकत नव्हता.

मे महिन्याच्या आरंभी सरकारने खिडकीला आवर घातला. एका ठिकाणाहून पाच मिनिटांत शंभरापेक्षा अधिक वेळा विचारता येणार नाही, आणि बाहेरच्यांना मिळणारे उत्तर अर्ध्या तासापर्यंत शिळे असू शकेल, असे ठरले. जागा ठरवताना वाकडीतिकडी अक्षरे ओळखून लिहायची अटही आली, म्हणजे समोर माणूस आहे की यंत्र हे कळावे. पण यंत्राला थोपवले तरी फोन नसलेल्या माणसाच्या हाती फोन येत नाही. आपल्या राज्याने तर १२ मेच्या सुमारास लसीच तुटपुंज्या म्हणून १८ ते ४४ वयाचे लसीकरण थांबवले आणि साठा पंचेचाळीसवरच्यांकडे वळवला. २४ मे रोजी केंद्र सरकारने या वयाच्या लोकांनाही सरकारी केंद्रांवर जागेवर नाव नोंदवून लस देण्याची मोकळीक राज्यांना दिली. ३१ मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही या प्रश्नावर बोट ठेवले, की ज्या देशात इतक्या लोकांपाशी ही साधने नाहीत, तिथे केवळ संकेतस्थळावर विसंबून सर्वांना लस कशी पोहोचणार? आणि २१ जूनपासून लागू झालेल्या नव्या धोरणात सगळ्याच केंद्रांवर जागेवर नोंदणीची सोय झाली.

याच साथीत दुसरी एक गोष्ट विलायतेत घडली, तीही सांगून ठेवतो. तिथल्या प्रयोगशाळांकडून रुग्णांच्या याद्या सार्वजनिक आरोग्य खात्याकडे येत आणि तिथे त्या आपोआप एका तक्त्यात भरल्या जात. तो तक्ता जुन्या पद्धतीचा होता. त्यात ६५,५३६ ओळींच्या वर एक ओळही मावत नसे. यादी लांबली तेव्हा जास्तीच्या ओळी मुकाट्याने गळून पडल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या आठवड्यातले १५,८४१ रुग्ण रोजच्या मोजणीत आलेच नाहीत. रुग्णांना त्यांचा निकाल कळला होता, पण त्यांच्या सहवासात कोण कोण आले होते, याचा शोध तितके दिवस लांबला. मघाशी म्हटले ना, यंत्र चुकीचे काम मोठ्या निष्ठेने करते? मापाचे भांडे भरले की धान्य खाली सांडते, हे खळ्यावरच्या पोरालाही दिसते. यंत्राला ते दिसत नाही. त्याला ‘भरल्यावर मोजून बघ’ असे कोणीतरी लिहून द्यावे लागते.

मग या विद्येचे आपण काय करावे? माझे मत असे, की ती शिकावी, आणि गावाच्या कामी लावावी. भारत सरकारचे खुल्या आकडेवारीचे संकेतस्थळ २०१२ पासून आहे. तिथे नाव नोंदवले की एक किल्ली मिळते आणि ती दाखवून बाजार समित्यांतले शेतमालाचे भाव मागता येतात. रोजचा भाव व्यापाऱ्याच्या तोंडून कळतोच. पण तीन वर्षांचे भाव आपल्या वहीत असले, तर कांदा कोणत्या महिन्यात चढतो आणि कधी कोसळतो, हे शेतकऱ्याला आपले आपण पाहता येते. शाळेत करायचे तर अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेची भूकंपांची खिडकी फार सोयीची आहे. तिला किल्ली लागत नाही. अक्षांश, रेखांश, किती किलोमीटरच्या आत, कोणत्या तारखेपासून, एवढे सांगायचे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप मुलांनी स्वतः शोधून काढावेत. पुस्तकातली तारीख आणि खिडकीतून आलेली तारीख जुळते का, ते ताडून पाहावे. खिडकीने वेळ जागतिक घड्याळाप्रमाणे दिलेली असते. तिच्यात साडेपाच तास मिळवल्याशिवाय आपली वेळ येत नाही, हाही एक धडा त्यातच होऊन जातो.

मात्र चार पथ्ये मुलांना पहिल्याच दिवशी सांगावीत. खिडकीवाल्याला जितके लागेल तितक्याच वेळा विचारावे. भाव दिवसातून एकदा बदलत असेल तर दर मिनिटाला विचारणे हा दुसऱ्यांच्या रांगेत घातलेला गोंधळ आहे. आलेले मूळ उत्तर जसेच्या तसे जपून ठेवावे, चाळण नंतर लावावी. कारण चाळणीत चूक निघाली तर मूळ दाणे हाताशी हवेत. प्रत्येक वेळी ओळी मोजाव्यात, आणि काल शंभर होत्या व आज चाळीसच आल्या तर थांबून कारण शोधावे. चौथे असे, की माणसांची नावे, फोन, आजार, पैसा यांची माहिती खिडकी उघडी दिसली म्हणून गोळा करू नये. शेजाऱ्याचे दार उघडे असले म्हणून आपण त्याच्या माजघरात जात नाही.

आणि वडीलधाऱ्यांना, ग्रामपंचायतीच्या पंचांना, केंद्रावरच्या अधिकाऱ्यांना एक विनंती आहे. पीकविमा असो, अनुदान असो, शाळेचा प्रवेश असो, आता पुष्कळ गोष्टींच्या रांगा संकेतस्थळांवर लागतात. अशी नवी रांग लागली की पहिल्या दिवशीच विचारावे, ‘हिच्यात ज्याला फोन नाही तो कुठे उभा राहील?’ २०२१ च्या उन्हाळ्यात हा प्रश्न विचारला गेला, पण दारात माणसे तिष्ठत उभी राहिल्यानंतर. यंत्राची खिडकी जरूर असावी, तिच्यामुळे पुष्कळांची पायपीट वाचते. तिच्या शेजारी माणसाची खिडकी उघडी आहे ना, एवढे मात्र आपण रोज पाहिले पाहिजे.